निघायच्या दिवशी भेटलेला संघ

महोदय,

विद्यार्थ्यांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेतून आपला तायक्वांदो संघ पदकाविना परतला, एवढीच दोन ओळींची बातमी आली. त्या संघाचा प्रशिक्षक म्हणून मॅटच्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर मी बसलो होतो, म्हणून लिहितो आहे.

खेळाडूंना मी पहिल्यांदा पाहिलं ते दिल्ली विमानतळावर, निघायच्या दिवशी. पाच राज्यांतली सहा मुलं. कुणाचा कोणता पाय चालतो, दडपण आलं की कोण मागे सरकतं, काहीच ठाऊक नव्हतं. 49 किलोखालच्या गटातली मणिपूरची मुलगी वजनासाठी दोन दिवस जवळजवळ उपाशी होती, हे मला वजनाच्या रांगेत कळलं.

तिची लढत डोळ्यांसमोरून हलत नाही. तीन किक चेस्टगार्डवर सणसणीत बसल्या, आवाज वरच्या बाकांपर्यंत गेला, आणि फलकावर शून्य. धडावरच्या किकचे दोन गुण आता यंत्र देतं. मोज्यातला सेन्सर गार्डला नीट भिडावा लागतो आणि आघात त्या वजनगटासाठी ठरवलेल्या पातळीचा असावा लागतो. ही मुलगी साध्या गार्डवर शिकलेली. इलेक्ट्रॉनिक गार्ड तिच्या अंगावर चढतो तो फक्त मोठ्या स्पर्धेत. समोरची कोरियन मुलगी पायाचा कोन जरासा बदलून, वरवर हलक्या वाटणाऱ्या किकवर गुण घेत होती. तिच्या देशात योंगइनसारख्या विद्यापीठांत तायक्वांदोची पदवी मिळते.

पहिला राउंड हातातून गेला. मधे एक मिनिट. पाणी दिलं, श्वास घ्यायला लावला आणि म्हणालो, "कट मारो, पास मत आने दो." ती मान डोलवत राहिली. दुसऱ्या राउंडमध्ये तिचा पुढचा पाय एकदाही वर आला नाही. तीनपैकी दोन राउंड जिंकायचे असतात. लढत तिथेच संपली.

रात्री बसमध्ये तिने हळूच विचारलं, "सर, कट मतलब?" पुढचा पाय उचलून समोरच्याला रोखणं तिला उत्तम येतं. तिचे सर त्याला दुसऱ्याच नावाने हाक मारतात, इतकंच. मला त्या रात्री झोप लागली नाही.

माझी मागणी छोटी आहे. संघ आणि प्रशिक्षक एकाच दिवशी जाहीर करा, तेही वेळेवर. जाण्यापूर्वी निदान तीन आठवडे सगळ्यांना एका छताखाली ठेवा आणि तिथे रोजच्या सरावाला इलेक्ट्रॉनिक गार्ड आणि सेन्सरचे मोजे द्या. प्रत्येक विद्यापीठाने असा एक संच घेतला तर फारच उत्तम, पण निदान शिबिरात तरी तो हवाच. मी पुन्हा प्रशिक्षक असलो नसलो तरी चालेल.

विद्यापीठ स्पर्धांची वयोमर्यादा 25 आहे. ती मुलगी आज 22 वर्षांची आहे.

आपला,
एक तायक्वांदो प्रशिक्षक, सांगली