माझा साहेब नेमका कोण, आणि बाबांच्या डोळ्याचं काय

ति. आई-बाबांना सा. न.

परवा फोनवर बाबा तुम्ही विचारलंत, "तुझा साहेब तरी नेमका कोण आहे गं?" आणि मी "ते लई किचकट आहे" म्हणून फोन ठेवून दिला. चुकलंच माझं. रागात होते. येळवशीला घरी यायचं म्हणून रजेचा अर्ज मी चांगला पंधरा दिवस आधी टाकलेला, इथल्या साहेबांची सही पण झाली, मग कागद गेला दुसरीकडं आणि तिथं पडून राहिला, तोवर अमावस्या उलटून गेली. दादानं कोपीतल्या पूजेचा व्हिडिओ पाठवला, आईच्या हातची भज्जी दिसली त्यात, अंबिलीचं मडकं दिसलं, आणि मी मेसमध्ये राजमा-चावल खात बसलेली. वर आईचा टोमणा, "दोन घरचा पाहुणा उपाशी."

आई, तू हे जे बोललीस ना, त्याच गोष्टीवर अमेरिकेच्या सैन्यानं जाडजूड पुस्तकं काढलीत. खरंच. म्हणून आता निवांत बसून लिहितेय.

मी आर्मीची, ते तुम्हाला माहितीच आहे. पण सध्या जिथं आहे तिथं तिन्ही दलांची माणसं एकत्र आहेत. माझे साहेब नेव्हीचे, शेजारच्या टेबलावर एअरफोर्सचा एकजण. रोजचं काम साहेब सांगतात, पण माझं प्रमोशन, बदली, पगार सगळं आर्मीकडं. आई लगेच घाबरू नको, मी सिग्नलवाली आहे, कमांडो-बिमांडो नाही.

बाबा, तुम्हाला तर हे सांगायचीच गरज नाही, तुम्ही तीस वर्षं हेच केलंय. ग्रामसेवक म्हणून पगार झेडपीचा, बदली सीईओच्या सहीनं, फोन बीडीओचा, आणि गावात समोर उभा सरपंच. त्यात निवडणूक लागली की तहसीलदार उचलून न्यायचे. आठवतंय का, सरपंचानं ग्रामसभा लावली आणि तुम्ही इलेक्शनच्या ट्रेनिंगला निघून गेलात म्हणून केवढा तमाशा केला होता त्यानं आपल्या दारात! पण तुमचं बरोबर होतं, कारण अधिसूचना निघाल्यापासून निकाल लागेपर्यंत निवडणुकीच्या कामावरचा माणूस कायद्यानं निवडणूक आयोगाकडं प्रतिनियुक्तीवर धरला जातो. पगार झेडपीचाच, हुकूम मात्र आयोगाचा. अमेरिकन लोक याला ऑपरेशनल कंट्रोल म्हणतात, तोंडात ऑपकॉन. म्हणजे माणसं ज्याच्या हाताखाली दिली तो त्यांच्या तुकड्या पाडू शकतो, जोडू शकतो, काम वाटू शकतो. त्याच्या खाली टॅकॉन, म्हणजे एवढ्या कामापुरतं कुठं जायचं, काय करायचं तेवढंच सांगायचं, बाकी तुकडीची मोडतोड करायची नाही. आणि रजा, पगार, कपडेलत्ते, शिस्त हे सगळं ॲडकॉन, ते बहुतेक मूळ घरीच राहतं. माझी येळवस या ॲडकॉननं खाल्ली.

अजून एक प्रकार आहे, तो मला सगळ्यात आवडतो. सपोर्टेड आणि सपोर्टिंग, म्हणजे मदत घेणारा आणि मदत करणारा. यात कुणी कुणाच्या हाताखाली नसतं. लग्नात जेवणाचं मामाकडं दिलं की आचारी कोण, भाजी कोणती ते मामा ठरवतो, पण पंगत कधी बसवायची ते वधूपित्यानं सांगायचं. मामा काय त्याचा नोकर नाही. पण "मला टाइम नाही" असंही म्हणायचं नाही.

आता तुम्ही म्हणाल एवढी उठाठेव कशाला. नेहमीच्या लढाईत एक पलटण आपली आपली असते, वर्षानुवर्षं एकमेकांना ओळखणारी. कमांडोंच्या मोठ्या कामात तसं नसतं, एका रात्रीसाठी याचं विमान, त्याचं हेलिकॉप्टर, तिसऱ्याची माणसं असं उसनं-पासनं गोळा करतात आणि अंधारात नेऊन सोडतात. तिथं कुणाचं ऐकायचं हे आधीच पक्कं नसेल तर विचारायला वेळ मिळत नाही.

१९८० चं सांगते. इराणमध्ये तेहरानला अमेरिकेच्या वकिलातीतली माणसं ओलीस धरलेली, त्यांना सोडवायला २४ एप्रिलच्या रात्री हे निघाले. नाव ईगल क्लॉ. विमानं एअरफोर्सची, हेलिकॉप्टरं नेव्हीची पण ती उडवणारे पायलट बहुतेक मरीनचे (ते तिकडचं आणखी एक दल), आणि वकिलातीत शिरणारी डेल्टा फोर्सची पोरं आर्मीची. सगळ्यांनी मिळून पूर्ण रंगीत तालीम एकदापण केली नव्हती, गुप्ततेपायी. आठ हेलिकॉप्टरं निघाली, कमीत कमी सहा लागणार होती. एक वाटेतच सोडून द्यावं लागलं, एक धुळीच्या वादळातून माघारी गेलं, तिसरं वाळवंटात पोचल्यावर बिघडलं. राहिली पाच. मोहीम रद्द. आणि परत निघायच्या गडबडीत एक हेलिकॉप्टर तेल भरायच्या विमानावर आदळलं, आठजण गेले.

नंतर ॲडमिरल हॉलोवे म्हणून होते, त्यांनी चौकशी केली, त्यात कोण कुणाचा साहेब याचा घोळ दिसला. सगळ्याचे साहेब मेजर जनरल व्हॉट हे तर इजिप्तमध्ये. वाळवंटात कर्नल काइल विमानांचे आणि त्या जागेचे, कर्नल बेकविथ डेल्टाचे, हेलिकॉप्टरवाल्यांचे वेगळे सेफर्ट. रात्र, इंजिनांचा आवाज, धुरळा, आणि कुणाच्याच अंगावर ओळखीची खूण नाही. हेलिकॉप्टर सोडून विमानात बसा असं कुणी येऊन सांगितलं तर पायलट आधी विचारायचा, तू कोण? आता त्या पायलटची चूक म्हणायची का? अनोळखी माणूस अंधारात येऊन म्हणतो मशीन सोडून विमानात बस, तर कोण ऐकेल? मी पण नसतं ऐकलं.

त्यानंतर सात वर्षं गेली, अमेरिकेच्या संसदेनं कायदे केले आणि १९८७ ला सगळ्या दलांच्या कमांडोंसाठी एक वेगळी कमांड उभी राहिली. तरी प्रत्येक वेळी हुकूम सरळ एका रेषेत असतो असं नाही. २०११ ला पाकिस्तानात ॲबटाबादला लादेनला मारलं ती माणसं नेव्हीची, प्रत्यक्ष मोहीम चालवणारे ॲडमिरल मॅक्रेव्हन, आणि कायद्यानं ती मोहीम सीआयए या त्यांच्या गुप्तहेर खात्याची, म्हणजे वरचा अधिकार त्यांचे प्रमुख पॅनेटा यांचा. पॅनेटांनी नंतर टीव्हीवर स्पष्ट सांगितलं की खरी सूत्रं मॅक्रेव्हनकडंच होती. कागदावरचा साहेब वेगळा, कामावरचा वेगळा, पण दोघांनाही ते माहिती होतं. गावात दोन वर्षं असाच एक सरपंच होता बघा, बाईंच्या नावावर खुर्ची. नको, ते उदाहरण चुकलं, तिथं बाईंना विचारतच नव्हतं कोणी.

आपल्याकडंही आहेच हे. प्रत्येक दलाचे कमांडो वेगळे, आर्मीचे पॅरा एसएफ, नेव्हीचे मार्कोस, एअरफोर्सचे गरुड. आणि बाबा, २६/११ ला टीव्हीवर तुम्ही ज्यांना "मिलिटरी आली" म्हणत होतात ते एनएसजी, त्यात पुढं घुसणारे आर्मीतून आलेले असतात, पण एनएसजी गृहखात्याच्या हाताखाली. ताजमध्ये त्यांच्या आधी पोचलेले मार्कोस संरक्षण खात्याचे. मला आवडतं ते १९८८ चं मालदीव. तिथं सरकार उलथवायला बंडखोर घुसले, सकाळी त्यांच्या सरकारचा मदतीचा निरोप आला, त्याच रात्री एअरफोर्सची विमानं आग्र्याहून पॅराच्या जवानांना घेऊन थेट तिथल्या धावपट्टीवर उतरली, जमिनीवर ब्रिगेडियर बुलसारा, आणि जहाज पळवून निघालेल्या बंडखोरांना पुढं समुद्रात नेव्हीनं गाठलं. जो तो आपापल्या हद्दीत.

आमच्यासारख्यांसाठी २०२३ ला एक कायदा झाला, १० मे २०२४ पासून लागू आहे. आधी काय व्हायचं, तिन्ही दलांच्या जागेवरचा प्रमुख दुसऱ्या दलाच्या माणसाला साधी शिक्षापण देऊ शकत नव्हता, त्याला मूळ दलाकडं परत पाठवायचं. आता देऊ शकतो. मला माझा आर्मी ॲक्टच लागू, फक्त त्यातला अधिकार इथल्या प्रमुखालाही मिळाला. म्हणजे आता ओरडा खायची सोय झाली, रजेच्या कागदाला मात्र अजून पाय फुटले नाहीत.

तर आता मुद्द्यावर येते. बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन. दिवाळीपासून तीन तारखा गेल्या. दादा म्हणतो पुण्याला आणा, मी म्हणते मिलिटरी हॉस्पिटलला चला, ताई म्हणते लातूर काय वाईट आहे, काका म्हणतात थंडी संपू द्या. प्रत्येकजण बाबांना फोन करून वेगळं सांगतो आणि बाबा तुम्ही शेवटी ज्याचा फोन आला त्याचं ऐकता. आई विचारते, "कामून राहिलं मग?" म्हणून राहिलं! आमच्या चौघांच्या हुकमांपायी तुम्ही एका डोळ्यानं स्कूटी चालवत औश्याला जाता आणि आम्ही लांबून काळजी करतो, ते काय खरं नाही.

काल रात्री आम्ही तिघं फोनवर बोललो. ताई लातूरला आहे, तर कुठला डॉक्टर, कोणती तारीख, पुढं ढकलायचं की नाही, सगळं ती ठरवणार. पुढं ढकलायचं तर फक्त तिनं. बिल दादाकडं, त्यानं डॉक्टरच्या निवडीत बोलायचं नाही, तो हो म्हणालाय, जरा जड गेलं त्याला. काकांशी दादाच बोलणार. मी सपोर्टला. ऑपरेशननंतर पाच दिवस घरी राहून डोळ्यात थेंब घालायचे तेवढं माझं. रजेचा अर्ज या वेळी दोन्हीकडं एकदमच दिलाय आणि रोज जाऊन विचारते, क्लार्क वैतागलाय. आई, साखरेची गोळी आणि चहातली साखर तुझ्याकडं, त्यात ताईनंपण पडायचं नाही.

तारीख १८ घेतलीय तिनं, सकाळी आठला पोचायचं. बाबा, आदल्या दिवशी शेतात जायचं नाही, हरभरा कुठं पळून जात नाही. हे मी सांगत नाहीये, ताईनं सांगितलंय, मी फक्त निरोप पोचवतेय.

तुमची
मनू