मकेलेलेचे गोल कसले मोजता?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या क्रीडा पानावर फुटबॉलमधल्या निवृत्त मिडफिल्डरांवरचा लेख वाचला. झिदानला तीन परिच्छेद मिळाले, ते रास्तच आहे. पण क्लोद मकेलेलेची अख्खी कारकीर्द 'फ्रान्सकडून ७१ सामने, एकही गोल नाही' एवढ्या एका ओळीत उरकलेली पाहून फार वाईट वाटलं. कालपासून ते डोक्यातून जात नाही.

आकडे बरोबर आहेत. पण बचावफळीच्या पुढ्यात उभं राहायचं, समोरच्याची चाल तिथेच मोडायची, चेंडू काढून घेऊन जवळच्या साथीदाराकडे सोपवायचा, हे ज्याचं काम त्याचे गोल कसले मोजता? इंग्लंडमध्ये त्या जागेलाच 'मकेलेले रोल' म्हणू लागले, याचा लेखात उल्लेखही नाही. २००३ मध्ये स्पेनच्या रेआल माद्रिदने बेकहमला आणलं आणि पगारवाढ मागणाऱ्या मकेलेलेला इंग्लंडच्या चेल्सीला विकलं. झिदान, फिगो, राउल, ब्राझीलचा रोनाल्डो सगळे असूनही त्या मोसमात माद्रिद लीगचे शेवटचे पाचही सामने हरलं आणि चौथं आलं. पुढचं लीग विजेतेपद थेट २००७ मध्ये. इकडे चेल्सीने २००४-०५ मध्ये ३८ सामन्यांत फक्त १५ गोल खाल्ले आणि पन्नास वर्षांनी लीग जिंकली. गोलरक्षक चेक आणि बचावपटू टेरीचा वाटा त्यात आहेच, पण त्यांच्यापर्यंत चेंडू पोहोचू न देणारा कोण होता?

मी एवढ्या तळमळीने लिहितोय, कारण कॉलेजात मी याच जागेवर खेळायचो. विद्यापीठ संघाच्या निवड चाचणीला एका निवडकर्त्याने वहीत बघत विचारलं, "वर्षभरात गोल किती?" मी म्हणालो, "एकही नाही." त्यांनी मान वर न करता पुढचं नाव पुकारलं. त्या वर्षी आमच्या संघाने सात सामन्यांत दोनच गोल खाल्ले होते, ते सांगायला मला तोंडच उघडता आलं नाही. माझी निवड झालीच असती असं मी म्हणत नाही. पण तो प्रश्न चुकीचा होता, आणि काल आपल्या पानावर मला तोच प्रश्न पुन्हा दिसला.

गोलच हवे असतील तर ७ मे २००५ चा सामना आठवा. चेल्सीची लीग आधीच जिंकून झालेली, चार्ल्टनविरुद्ध अगदी शेवटी पेनल्टी मिळाली आणि ती मकेलेलेला दिली. गोलरक्षकाने अडवली, परत आलेला चेंडू त्याने जाळ्यात ढकलला आणि सगळा संघ त्याच्या अंगावर तुटून पडला. तो किती जणांचं काम निस्तरतो, ते त्या खेळाडूंना ठाऊक होतं. लेख लिहिणाऱ्याने तो एक गोल पाहिला असता तरी ती ओळ अशी लिहिली नसती. पुढच्या वर्षी बर्लिनच्या विश्वचषक अंतिम सामन्यात झिदान लाल कार्ड मिळून बाहेर गेल्यावर फ्रान्सच्या उरलेल्या दहांमध्ये, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी, तो शेवटपर्यंत पळत होता. त्याबद्दलही अवाक्षर नाही.

आणखी एक. लेखात त्याचं नाव दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी छापलंय, आणि त्याचा म्हणून दिलेला फोटो पॅट्रिक विएराचा आहे. कृपया रविवारच्या अंकात दुरुस्ती द्यावी, आणि मकेलेलेचाच फोटो छापावा.

आपला,
एक नियमित वाचक