निविदेनंतरचे कागदही खुले करा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रस्ता मंजूर झाला की शासन निर्णय संकेतस्थळावर मिळतो, निविदा महाटेंडर्सवर दिसते. कार्यारंभ आदेश निघाला की मात्र फाइल कपाटात जाते, आणि पैसा तर त्यानंतरच खर्च होतो. अतिरिक्त बाबींची मंजुरी, मुदतवाढ, चालू देयके (काम सुरू असताना टप्प्याटप्प्याने दिली जाणारी बिले), चाचणी अहवाल यांतले क्वचितच काही आपणहून जाहीर होते. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ ने २००५ पासून हे बंधन घातलेले असूनही!

यात कळीचा कागद मोजमाप पुस्तिका, म्हणजे एमबी. देयक तिच्यावरून निघते. लांबी-रुंदी कोणीही टेप धरून तपासेल. जाडी काँक्रीट पडले की झाकली जाते. ५०० मीटर लांब, ५.५ मीटर रुंद रस्त्यावर २०० ऐवजी १७० मिलिमीटर थर पडला, तर ८२.५ घनमीटर काँक्रीट न टाकताच देयकात चढते. वरून रस्ता गुळगुळीतच दिसतो. हे कोअर, म्हणजे रस्त्याला भोक पाडून काढलेला काँक्रीटचा नळकांडी नमुना, काढल्यावरच कळते. कामाची पाहणी करणे आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेणे हाही माहितीच्या अधिकाराचाच भाग आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

‘रस्त्याची सर्व माहिती द्या’ असा अर्ज करू नये. महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. मोघम अर्ज तिथेच अडकतो. कामाचे पूर्ण नाव, कार्यारंभ आदेशाचा क्रमांक द्यावा आणि कागद नावानिशी मागावेत: अमुक चालू देयकाची एमबीची पाने, क्यूबचे (काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या ताकद-चाचणीचे) २८ दिवसांचे अहवाल, अतिरिक्त बाबींचे मंजुरीपत्र. ‘असे का केले’ हे विचारू नये, कारण अभिलेखात आहे तेवढेच द्यायला माहिती अधिकारी बांधील असतो. अर्ज करण्याआधी फाइल पाहून घेतलेली बरी. २०१८ च्या शासन निर्णयानुसार जिल्हास्तरीय कार्यालयांत आणि स्थानिक संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ अभिलेख पाहता येतात. मग हवी तीच पाने मागता येतात. ३० दिवसांत उत्तर न आल्यास पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील करावे. मुदत उलटल्यावर माहिती विनाशुल्क द्यावी लागते.

‘कंत्राटदाराचे व्यापारी गुपित’ म्हणून एमबी नाकारली जाते, ते मुळीच पटणारे नाही. मोजमापे खात्याचा अभियंता नोंदवतो आणि पैसे जनतेचे असतात.

शासनाने आता एवढे करावे: प्रत्येक चालू देयक अदा करण्याआधी त्याची मोजमापे आणि चाचणी अहवाल स्कॅन करून संकेतस्थळावर टाकावेत. दोष दायित्व कालावधी (कंत्राटदाराने स्वखर्चाने दुरुस्ती करण्याची मुदत) संपून सुरक्षा ठेव परत गेल्यावर मिळालेल्या माहितीतून कंत्राटदाराकडून खड्डा भरून घेता येत नाही.

आपला,
एक निवृत्त शाखा अभियंता, सातारा