नवजात कक्षात व्हिडिओ हवेत, पण शेजारी मार्गदर्शक परिचारिकाही हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जिल्हा रुग्णालयांतील विशेष नवजात शिशू काळजी कक्षात, म्हणजेच एसएनसीयूमध्ये, नव्याने रुजू होणाऱ्या अधिपरिचारिकांना शिकवण्यासाठी शैक्षणिक व्हिडिओंचा वापर व्हावा, या मताची मी आहे. अशाच एका कक्षात परिसेविका, म्हणजे कक्षाची प्रमुख सिस्टर, म्हणून काम करून मी निवृत्त झाले. मात्र व्हिडिओ दाखवला, उपस्थितीपत्रकावर सही घेतली आणि प्रशिक्षण पूर्ण झाले असे कागदोपत्री नोंदवले, ही पद्धत रूढ झाली तर बाळांचे नुकसान होईल, म्हणून हे पत्र.

काही गोष्टी वाचून कळतच नाहीत. श्वास घेताना छातीचा खालचा भाग किती आत ओढला गेला म्हणजे धोका समजायचा, दमलेल्या बाळाचे कण्हणे कानाला कसे लागते, हे पाहिल्या-ऐकल्याशिवाय उमगत नाही. थरथर आणि झटका यांचेही तसेच. थरथरणारा हात हलकेच धरला की थांबतो, झटका धरूनही थांबत नाही. हे वाक्य वहीत उतरवून घेतलेली मुलगी प्रत्यक्ष बाळासमोर गोंधळते. दोन्हींचे चित्रण एकापाठोपाठ पाहिलेली सहसा गोंधळत नाही. शिवाय तीच शंका पाचव्यांदा विचारायला संकोचणारी परिचारिका रात्रपाळीत तोच व्हिडिओ पुन्हा लावून पाहू शकते, ही सोय लहान नाही.

परंतु व्हिडिओला समोरच्या परिचारिकेचे हात दिसत नाहीत. जन्मल्यावर न रडलेल्या, श्वास न घेणाऱ्या बाळाला पहिल्या मिनिटाच्या आत अंबू बॅगने, म्हणजे मास्क लावलेल्या, हाताने दाबायच्या पिशवीने, श्वास द्यायचा असतो, मिनिटाला ४० ते ६० या गतीने. पडद्यावर ते सोपे दिसते. प्रत्यक्षात मास्कची कड नाकापाशी उचललेली राहते, हवा बाहेर निसटते, छाती वर येत नाही, आणि घाबरलेली नवखी परिचारिका मास्क व मान नीट करण्याऐवजी बॅग अधिक जोराने दाबू लागते. त्या क्षणी तिचे बोट योग्य जागी नेणारी अनुभवी सिस्टर शेजारी असावी लागते. सीपॅपचे, म्हणजे सतत दाबाने हवा देऊन श्वासाला मदत करणाऱ्या यंत्राचे, प्रॉन्ग (नाकपुड्यांत बसवायच्या छोट्या नळ्या) नाकाच्या मधल्या पडद्यावर टेकत असतील, तर काही तासांतच तिथली कोवळी त्वचा सोलवटते. तेही दर पाळीत जवळ जाऊन पाहणाऱ्यालाच दिसते.

म्हणून कक्षाला भेट देऊन शिकवणाऱ्या मार्गदर्शक परिचारिकेच्या प्रत्येक भेटीआधी एकाच कौशल्याचा पाच-सात मिनिटांचा व्हिडिओ सर्वांनी पाहावा, भेटीत ती कृती आधी पुतळ्यावर व मग देखरेखीखाली बाळावर करून घ्यावी, आणि पुढच्या भेटीत तीच पुन्हा तपासावी. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेने गावातील स्त्रियांना घरोघरच्या नवजात काळजीचे शिक्षण दिले आणि तेथील नवजात मृत्यू निम्म्याहून अधिक घटल्याचे १९९९ साली जगासमोर आले, तेव्हाही केवळ शिकवणे पुरेसे न मानता कामाची नियमित पाहणी होत होती.

व्हिडिओ मराठीत असावेत आणि आपल्याच कक्षांत, बाळाला ऊब देणाऱ्या आपल्याच वॉर्मरवर व काविळीसाठी प्रकाश देणाऱ्या फोटोथेरपी यंत्रांवर चित्रित केलेले असावेत. मुंबईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरिअल प्रकल्पात स्तनपान व पोषणाचे धडे मराठीतही तयार झाले आहेत, तेव्हा हे अवघड नाही. चित्रण आईच्या लेखी संमतीनेच व्हावे. बाळाला आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवण्याच्या कांगारू पद्धतीचे व्हिडिओ तर आईला आणि सोबतच्या आजीलाही दाखवावेत; एवढेसे बाळ उघड्या छातीवर बांधायचे म्हटले की घरच्यांना भीती वाटते, ती पाहून लवकर जाते. स्वतःचा मोबाइल मात्र कोणी बाळाजवळ नेऊ नये, कारण हात कितीही धुतले तरी फोनवरचे जंतू त्याच हातांना पुन्हा लागतात. परिचारिका कक्षातील एक टॅब पुरेसा आहे.

खरे दुखणे वेगळे आहे. चार दिवसांचे वर्ग आणि वैद्यकीय महाविद्यालयात दोन आठवडे प्रत्यक्ष निरीक्षण, एवढे शिक्षण घेऊन आलेली परिचारिका थोड्याच काळात दुसऱ्या वॉर्डात पाठवली जाते आणि कक्षात पुन्हा नवखे हात येतात. नमुना नोंदणी पाहणीनुसार २०२० मध्ये महाराष्ट्राचा नवजात मृत्युदर (जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांतील मृत्यू) दर हजार जिवंत जन्मांमागे ११ होता, देशाचा २०. आणि २०३० पर्यंत देशाचा दर एक आकडी करण्याचे राष्ट्रीय उद्दिष्ट २०१४ मध्येच ठरले आहे. राहिलेले मृत्यू टाळायचे तर अगदी कमी वजनाच्या, कमी दिवसांच्या बाळांना वाचवावे लागेल, आणि ते काम चोवीस तास परिचारिकांच्याच हातून होते.

सार्वजनिक आरोग्य विभागाने प्रशिक्षित परिचारिकांना किमान तीन वर्षे नवजात कक्षातून हलवू नये, प्रत्येक जिल्ह्यात या कामापुरती एक पाठ्यनिर्देशिका (परिचारिकांना शिकवणारी) किंवा अनुभवी परिसेविका वॉर्डाच्या ड्युटीतून मोकळी करावी, आणि टॅबच्या खरेदीआधी तिची नेमणूक करावी, अशी माझी विनंती आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिसेविका