दिवाळीच्या पाच दिवसांत त्यांच्या दारी कोण जाणार? जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी,
सातारा जिल्हा, सातारा.

विषय : सणाच्या सुट्ट्यांत एकट्या राहणाऱ्या वृद्ध व आजारी नागरिकांची औषधे आणि विचारपूस यांबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार. जावळी तालुक्यातल्या डोंगरातल्या वाड्यांवर त्रेचाळीस वर्षे टपाल वाटून निवृत्त झालेला मी एक ग्रामीण डाकसेवक आहे. दिवाळी जवळ आली की जिल्ह्याची यंत्रणा कामाला लागते. जादा गाड्यांचे नियोजन होते, महामार्गावर बंदोबस्त लागतो, खवा-मिठाईची तपासणी होते, फटाक्यांच्या स्टॉलना परवाने दिले जातात. ही सगळी कामे आवश्यकच आहेत. मात्र ती सणाला निघालेल्या आणि सण करणाऱ्या माणसांसाठी आहेत. जो कोठे जाऊ शकत नाही आणि ज्याच्याकडे कोणी येत नाही, अशा माणसाचे त्या पाच दिवसांत काय होते, हा प्रश्न कोणत्याही बैठकीच्या विषयपत्रिकेवर येत असेल असे मला वाटत नाही, म्हणून हे पत्र.

आपण बाहेरून या जिल्ह्यात आला असाल तर एक गोष्ट आधी सांगतो. जावळी, पाटण, महाबळेश्वर या पट्ट्यातली कर्ती माणसे पिढ्यान् पिढ्या मुंबईत आहेत. आधी गिरण्यांत आणि गोदीत होती, मग माथाडी म्हणून बाजारात गेली, आता सुरक्षारक्षक, चालक आणि डबे-पार्सल पोचवणारी मुले आहेत. कोकणातला मुंबईकर गणपतीला गावी येतो, आमचा मुंबईकर गावच्या यात्रेला येतो. दिवाळी तो बहुधा मुंबईतच करतो, कारण दिवाळी हा त्याच्या मालकाच्या धंद्याचा हंगाम असतो आणि त्या आठवड्यात रजा मागणाऱ्याला नोकरीच गमवावी लागते. आईबापांना टाकणारी मुले असतात, नाही असे नाही, पण मी ज्यांच्या मनीऑर्डरी वाटल्या त्यांतली बहुतेक मुले तशी नव्हती. त्यांना दोष देऊन हा प्रश्न मिटवता येणार नाही.

त्या मनीऑर्डरीवर मजकुरासाठी थोडी जागा असे. १९८२ च्या गिरणी संपानंतर आमच्या भागातले आकडे कसे उतरत गेले ते मी माझ्या पिशवीत पाहिले, पण रक्कम शंभराची असो की वीसची, ती द्यायला माणसाला दारापर्यंत जावेच लागे. अंगठा घ्यायचा, पैसे मोजून द्यायचे, मजकूर वाचून दाखवायचा, पाणी प्यायचे आणि म्हातारीचा चेहरा उतरलेला दिसला तर खाली आल्यावर कोणाच्या तरी कानावर घालायचे. शेवटचे काम माझ्या नेमणुकीत कोठेही लिहिलेले नव्हते, तरी सगळ्यांत उपयोगाचे तेच होते. आता श्रावणबाळ योजनेचे दरमहा दीड हजार रुपये थेट खात्यात जमा होतात. मधला दलाल गेला हे फार चांगले झाले, पण त्याच्याबरोबर दारात येणारा माणूसही गेला.

मी स्वतः धुतल्या तांदळासारखा नाही, हेही इथेच लिहून टाकतो. एका दिवाळीत सगळ्यांत वरच्या वाडीची एकच मनीऑर्डर होती आणि तेवढ्यासाठी दीड तासाचा चढ चढायचा मला कंटाळा आला. भाऊबीज उरकून गेलो, तर ती बाई म्हणाली की धनत्रयोदशीपासून ती रोज सकाळी वाटेकडे तोंड करून बसत होती. पैशांची तिला फारशी निकड नव्हती.

निवृत्तीनंतर माझ्या लक्षात जी गोष्ट राहिली आहे ती गेल्या दिवाळीतली. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एक आक्का, रक्तदाबाच्या रोजच्या गोळ्या, मुलगा मुंबईत सुरक्षारक्षक. धनत्रयोदशीला गोळ्या संपल्या. उपकेंद्राला कुलूप, खालच्या गावातले औषधाचे दुकान लक्ष्मीपूजनाला दुपारीच बंद, आणि खाली उतरायला वाहन नाही. शेजारी नव्हते असे नाही, पण आमच्याकडे दिवाळी आणि भातकापणी एकाच वेळी येतात, त्यामुळे उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत धडधाकट माणूस खाचरात असतो. पाडव्याच्या सकाळी चक्कर येऊन त्या परड्यात पडल्या. भाऊबीजेला दुपारी मी फराळ घेऊन गेलो तेव्हा मनगट सुजून टम्म झाले होते आणि हात पदराने गळ्यात बांधलेला होता. मी निवृत्त होऊन काही वर्षे झाली तरी त्यांचा पहिला प्रश्न होता, “टपाल हाय का रं?” पदराच्या गाठीत गोळ्यांचे रिकामे पाकीट होते, खाली जाणारा कोणी दिसला तर दाखवायला म्हणून तीन दिवस ते त्यांनी जवळ बाळगले होते. मुलाला फोन का केला नाही असे विचारल्यावर म्हणाल्या, “त्येचा सण कशापायी मोडायचा?”

मनगटाचे हाड मोडले होते. १०८ ला फोन केला, रुग्णवाहिका आली, उपचार झाले, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. मुद्दा त्याच्या आधीच्या तीन दिवसांचा आहे. रक्तदाबाची गोळी एकाएकी बंद करणे धोक्याचे असते हे आशाताई वर्षभर सांगतात; मग ती कोणत्या तारखेला संपणार आहे हे कोणाला तरी आधी माहीत असायला नको काय?

कायद्याने हे काम आपल्यापासून लांब ठेवलेले नाही. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह व कल्याण अधिनियम २००७ मध्ये आला. त्यातला निर्वाहभत्त्याचा भाग सगळ्यांना ठाऊक आहे. प्रांताधिकाऱ्यांपुढे अर्ज, दरमहा दहा हजारांपर्यंत भत्ता, वर्तमानपत्रांत बातम्या. पण ज्या आईला मुलाचा सण मोडायचा नाही, ती मुलाविरुद्ध अर्ज करील ही कल्पनाच फोल आहे. तिच्या कामाची तरतूद दुसरीकडे आहे. कलम २२ अन्वये या अधिनियमाच्या अंमलबजावणीचे अधिकार जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे सोपवता येतात, आणि राज्याच्या २०१० च्या नियमांत प्रत्येक पोलीस ठाण्याने एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी अद्ययावत ठेवावी व महिन्यातून एकदा तरी त्यांची भेट घ्यावी, असे अपेक्षित आहे. या नियमाकडे पोलिसांनी चोरी-दरोड्याच्या अंगाने पाहिले तर शहरातले बंगले यादीत येतील आणि आमच्या वाड्या राहतील, कारण आक्कांच्या घरी चोरून नेण्यासारखे काही नाही.

आजारपणाचेही तसेच. २०२४ च्या धन्वंतरी जयंतीला, २९ ऑक्टोबरला, सत्तरीपुढच्या सर्वांसाठी आयुष्मान योजनेतून पाच लाखांपर्यंतच्या उपचारांची सोय सुरू झाली. मोठी गोष्ट आहे, तिला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. पण ते कार्ड रुग्णालयात दाखल झाल्यावर चालते. दाखल व्हावे लागू नये म्हणून लागणारी रोजची गोळी त्यावर मिळत नाही. १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, पण ज्याच्या घरात मोबाइलची रेंज अंगणातल्या फणसाखालीच येते आणि ज्याला नंबर दिसत नाही, त्याच्यासाठी ती असून नसल्यासारखी आहे.

म्हणून माझी विनंती नव्या योजनेची नाही, तारखेची आहे. कोजागरीपासून वसुबारसेपर्यंत साधारण बारा-तेरा दिवस मिळतात. एवढ्या दिवसांत पोलीस पाटील आणि आशाताई यांनी मिळून प्रत्येक वाडीतल्या एकट्या व अंथरुणाला खिळलेल्या माणसांची नावे लिहावीत. नावापुढे कोणती औषधे चालू आहेत, ती किती दिवस पुरतील, डायलिसिसचे किंवा ड्रेसिंगचे वार कोणते, आणि मुंबई-पुण्यातला कोणाचा नंबर लावायचा, एवढेच असावे. शेवटची जनगणना २०११ ची आहे. तेव्हा जिल्ह्याची लोकसंख्या तीस लाखांवर मोजली गेली, पण आज कोणत्या घरात एकच चूल एका माणसासाठी पेटते हे त्या आकड्यांतून कळणार नाही, पोलीस पाटलाला मात्र ते यादी न करताही तोंडपाठ असते. ज्यांची औषधे दिवाळीत संपणार आहेत त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रातून महिन्याभराच्या गोळ्या वसुबारसेपूर्वी घरपोच द्याव्यात. डायलिसिसचा वार लक्ष्मीपूजनाला येत असेल तर तो कोठे आणि कधी होणार, हे रुग्णाला आदल्या आठवड्यात कळावे. कर्मचाऱ्यांचा सण हिरावून घ्यावा असे मी म्हणत नाही, मीही नोकरी केली आहे. तालुक्यात त्या पाच दिवसांत कोणता दवाखाना आणि कोणते औषधाचे दुकान किती वाजेपर्यंत उघडे राहील याची पाळी ठरवून ती ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिली तरी पुष्कळ झाले. गाड्यांबाबतही एवढेच, की जादा फेऱ्यांचे नियोजन करताना डोंगरातली निदान सकाळची एक फेरी हलवू नये. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत आहे, पण त्या सवलतीचा उपयोग गाडी आली तरच.

आणि पाच दिवस रोज एकाने त्या दारापर्यंत जावे. महसूल सेवक, पोलीस पाटील, सुट्टीवर आलेला जवान, महाविद्यालयातली मुले, कोणीही चालेल. जिल्ह्यात घराघरांतून मूठमूठ धान्य गोळा करून कर्मवीर भाऊराव पाटलांनी मुलांची वसतिगृहे चालवली. रोज पंधरा मिनिटे देणारी माणसे इथे मिळणार नाहीत असे मानायला मी तयार नाही. फक्त फराळाची पाकिटे आणि छायाचित्रकार बरोबर नसावेत. एका वृद्धाश्रमात मी पाहिले आहे की एकाच रविवारी चार मंडळे लाडू घेऊन आली, निम्म्या लोकांना मधुमेह, आणि एका आजोबांना तीन वेळा तीच शाल पांघरून फोटोसाठी बसवले. चौथ्या वेळी ते उठून आत गेले. भेटीला जाणाऱ्याने गोळ्यांचे पाकीट बघावे, चुलीजवळ लाकूडफाटा आहे का ते बघावे, थोडा वेळ बसावे आणि मुलाला फोन जोडून द्यावा.

शहरातही हे दुखणे आहे. सदर बझार, शाहूपुरीच्या मोठ्या घरांत मुले परदेशी आणि व्हिडिओ कॉलवर दिवाळी असे चित्र आहे, पण त्या लोकांना निदान लिहिता-बोलता येते, त्यांची बाजू तेच आपल्यापुढे मांडतील.

आमच्या वाडीतली अशी सात नावे औषधांसकट मी वहीच्या पानावर लिहून काढली आहेत, आणि पोलीस पाटलांशी बोललोही आहे. ते यादी घ्यायला तयार आहेत. त्यांची अडचण एकच आहे, ती पुढे तहसील कचेरीत द्यायची, पोलीस ठाण्यात द्यायची की आरोग्य केंद्रात, हे त्यांना कोणी सांगितलेले नाही. तेवढे आपल्या कार्यालयाने कोजागरीच्या आत कळवावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त ग्रामीण डाकसेवक,
तालुका जावळी, जिल्हा सातारा