नाल्याकाठचं वावर विकू नका

तीर्थरूप बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

फोनवर कामाचं काही काढलं की बाबा, तुम्ही "बरं बरं" म्हणता आणि फोन आईच्या हातात देता. म्हणून कागद घेऊन बसलो. नाल्याकाठच्या दोन एकराला गिऱ्हाईक आलं आहे आणि तो पैसा माझ्या फ्लॅटसाठी आहे, असं आईकडून कळलं. मागच्या उन्हाळ्यात तुम्ही इथे आलात तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. गेटपाशी पिशवी खाली ठेवली, दोन्हीकडे पाहिलं आणि म्हणालात, "काऊन रे, हे शहर हाय का खेडं?" मी हसलो. तुम्ही नव्हता हसला.

प्रश्न बरोबर होता. नागपुरात हुडकेश्वरच्या पुढचा आमचा ले-आउट म्हणजे काही वर्षांपूर्वी कुणाचं तरी तुरीचं वावर. चुना टाकून रस्ते दाखवले, हजार-हजार फुटांचे तुकडे पाडले आणि विकले. मंजूर नकाशा नव्हता, नाली नव्हती, लाइट नव्हती, म्हणूनच आमच्यासारख्याला परवडलं. सक्करदऱ्याकडे तेवढ्या पैशात एक खोलीही आली नसती. असे प्लॉट नियमित करायलाच २००१ साली गुंठेवारीचा कायदा आला. आधी त्यात १ जानेवारी २००१ पर्यंतचीच बांधकामं बसत होती, २०२१ मध्ये ती तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे आणली आणि आमचं नशीब उघडलं. अर्ज केला, मागितलेली रक्कम भरली, आता प्लॉट नियमित झाल्याच्या पत्राची, आरएल लेटरची, वाट आहे. इथे कुणाच्या घरी चहाला जा, दुसऱ्या घोटाला विषय निघतो, "तुमचं आरएल झालं का?" सोयरीक जुळवतानासुद्धा विचारतात. हसू नका, खरं आहे. आरएल नसलं की बँक दारात उभी करत नाही, पतसंस्थेचं चढं व्याज भरावं लागतं. आवास योजनेतून शहरात घरकुलाला अडीच लाख मिळतात. पण जागेचा कागद पक्का नसेल तर अडीच लाख नुसते ऐकायचे.

आईला पाण्याची काळजी आहे, तेही सांगतो. सुरुवातीची वर्षं टँकर होता. निळे ड्रम रस्त्यावर ओळीनं मांडायचे, पाइप कुणाच्या ड्रममध्ये किती वेळ राहिला यावर भांडणं, आणि तासाभरानं तीच माणसं एकमेकांच्या घरून विरजण नेणार. आता नळ आहे, पहाटे तासभर येतो. बोरिंगचं पाणी वापरायला आहे पण भलतं खारं. मे महिन्यात कूलरच्या ताट्या पंधरा दिवसांत अशा पांढऱ्या होतात की हात लावला तर कुरकुरतात, अन् पंप महिन्याभरात जाम. दर रविवारी मी पंप खोलून व्हिनेगरमध्ये टाकतो. पोरगं म्हणतं, बाबा पंपाचं लोणचं घालून राहिले.

पावसाळा वाईट असतो. शेजारचे दोन प्लॉट रिकामे आहेत, मालक मुंबईत की कुठे, भाव वाढायची वाट बघतो आहे. त्यात पाणी साचतं, गाजरगवत छातीपर्यंत वाढतं, डुकरं लोळतात. मागच्या आठवड्यात धामण निघाली. मी मुरमाच्या दोन ट्रॉल्या गल्लीत टाकल्या, समोरच्यांनी गिट्टी टाकली, तेवढ्यावर गाड्या निघतात. पण बाबा, चांगली वस्ती म्हणजे पाण्यातून सुटका, असं समजू नका. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव भरून वाहिला, नाग नदी पात्राबाहेर आली, तेव्हा अंबाझरी ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनीतल्या घरांमध्ये पाणी शिरलं. बंगल्यांतल्या लोकांना बोटीनं काढलं. आमच्याकडे त्या दिवशीही नेहमीचंच, घोट्याइतकं.

ड्युटी लांब आहे, हे कबूल. हिंगण्याच्या एमआयडीसीत जायला रिंग रोडनं पाऊण तास लागतो. मेट्रो आमच्या बाजूला फिरकत नाही, ती तुम्ही एसटीच्या खिडकीतून वर्धा रोडवर मान वर करून पाहिलीत तेवढीच. पण मेडिकल कॉलेजचा दवाखाना अर्ध्या तासावर आहे. आईच्या मोतीबिंदूचं पाहायचं आहे, ते आता पुढे ढकलू नका.

शेजाराचं मात्र सविस्तर लिहितो, कारण तुम्हाला वाटतं आम्ही इथे एकटे पडलो आहोत. डावीकडे भंडाऱ्याकडच्या काकू. त्यांना रोज भात लागतो, आमची ज्वारीची भाकर बघून म्हणतात, "हे पोटाला टोचत नाही का?" पण जवसाची चटणी केली की वाटी घेऊन हजर. समोर छिंदवाड्याचा मिस्त्री, त्याची बायको आता चांगलं मराठी बोलते, फक्त भांडण हिंदीत करते. मागे यवतमाळकडचे दोघं भाऊ, बोंडअळीच्या वर्षी, २०१७ ला कापूस गेला तेव्हा गाव सोडून आलेले. आता दोघंही रिक्षा चालवतात. गेल्या साली मला डेंग्यू झाला तेव्हा रात्री अकराला धाकट्यानंच दवाखान्यात नेलं आणि सकाळपर्यंत बाकावर बसून राहिला. भाडं घे म्हटलं तर रागावला. चांगल्या सोसायटीत लिफ्ट असते, वॉचमन असतो. माझ्या साहेबांच्या सोसायटीत आहेत. पण वरच्या मजल्यावर कोण राहतं, हे त्यांना माहीत नाही.

आता मुख्य गोष्ट. कोपऱ्यावर पानठेला आहे, तुम्ही तिथून सुपारी घेतली होती, आठवतं? तो म्हातारा म्हणजे आमचा ले-आउट पडला त्या वावराचा मालक. लोक अजूनही त्यांना मालकच म्हणतात. चार एकर होतं. तो पैसा पोरीच्या लग्नात गेला, मोठ्या मुलाच्या बोलेरोत गेला, उरलेला भिशीत बुडाला. बोलेरोही आता नाही. परवा मी उभा होतो तर कुणासाठी तरी सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटत होते, प्लास्टिकवर तळहात मागे-पुढे, मागे-पुढे. माझ्या घराकडे हनुवटी करून म्हणाले, "तुमच्या स्वयंपाकखोलीत माही तूर भल्ली येत होती. त्या खांबाजवळ विहीर होती, दोन परस पाणी. बुजवली." एवढं बोलले आणि खर्रा पुडीत बांधून पुढच्याला दिला. त्या रात्री तुमच्या सूनबाईला सांगितलं, तर ती म्हणाली, बाबांना आजच्या आज फोन करा. फोनवर तुम्ही "बरं बरं" म्हणालात.

नाल्याकाठचं वावर ओलिताचं आहे, रब्बीत हरभरा निघतो. वरचं तीन एकर कोरडवाहू, नुसत्या सोयाबीन-कापसावर. विकायचंच तर आधी नाल्याकाठचाच तुकडा का जातो, हे मला कळत नाही. आणि तो विकून मला फ्लॅट घ्यायचा म्हटलं तरी त्याच्यावर पुन्हा कर्ज काढावं लागेल, वर दर महिन्याचा मेंटेनन्स. इथे माझं घर एका स्लॅबचं का होईना, माझं आहे. जिन्याखाली एक खोली काढायची आहे, तुमच्यासाठी. टिनपत्र्याची नाही, पक्की. आरएल आलं की बँकेतून घेतो.

तान्ह्या पोळ्याला, पोरांच्या लाकडी बैलांच्या पोळ्याला, या. बैलपोळा सोडून तुम्ही येणार नाही, हे माहीत आहे, म्हणून दुसऱ्या दिवशीची पहिली एसटी पकडा. बाबांचं पंच्याहत्तर झालं, तिकीट लागणार नाही, आईचं अर्धं. आधार कार्ड विसरू नका. मारबतीच्या मिरवणुकीमुळे महाल भागात गर्दी असते, गणेशपेठला उतरून रिक्षा करू नका, मागच्यांचा धाकटा घ्यायला येईल. पोळा संध्याकाळी भरतो, शेजारच्याच मोकळ्या प्लॉटवर गवत कापून. पोराच्या लाकडी नंदीचं एक चाक गेल्या वर्षीपासून निखळलं आहे. मी खिळा ठोकून पाहिला, तो वाकडा चालतो. तुमचा रंधा आणि पटाशी घेऊन या.

आणि बरबटीच्या शेंगा आणा. नाल्याकाठच्याच.

तुमचा,
मोठा