लहान स्थानकांवर गाडीची खबर तरी मिळावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उधना-जळगाव मार्गाचे दुहेरीकरण झाले. मात्र खानदेशातील लहान स्थानकांवर आपली गाडी कोठवर आली, हे कळण्याची सोय अजूनही बेभरवशाचीच आहे. गेल्या आठवड्यात अशाच एका स्थानकावर पॅसेंजर दुसऱ्या फलाटावर येत असल्याचे ऐनवेळी समजले आणि डोक्यावर बोचके घेतलेल्या एका आजी पादचारी पुलाच्या निम्म्या पायऱ्यांवर असतानाच गाडी निघून गेली. १३९ क्रमांकावर चौकशी करता येते हे खरे, पण बदललेला फलाट ध्वनिक्षेपकाशिवाय कळणार कसा? (त्या आजींकडे मोबाइलही नव्हता.)

उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा सावली आणि पिण्याचे पाणी हवेच. शिवाय जळगाव-नंदुरबारकडचा मार्ग पश्चिम रेल्वेच्या मुंबई विभागात, तर भुसावळ विभाग मध्य रेल्वेत. त्यामुळे तक्रार कोठे करावी, हेच अनेकांना ठाऊक नसते. तो पत्ता आणि वेळापत्रक मराठीत, ठळक अक्षरांत तिकीट खिडकीशेजारी लावावे आणि फलाटबदलाची घोषणा किमान दहा मिनिटे आधी व्हावी, ही विनंती.

आपला,
एक पासधारक प्रवासी, जळगाव जिल्हा